‘येतो’ म्हणून उठलेला माणूस

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. तृतीय वर्षाच्या वर्गातील एक विद्यार्थिनी तास संपल्यावर टेबलापाशी थांबली. अंतर्गत परीक्षेविषयी काही विचारायचे असेल, असे मला वाटले. ती म्हणाली, “सर, एकटीनं खेळता येईल, पण ऑनलाइन खेळतोय असं वाटेल, असा एखादा गेम सांगाल का?” मराठीच्या प्राध्यापकाकडे असा प्रश्न यावा, याचे कारण साधे होते. कादंबरीतील अवकाशाविषयी शिकवताना मी एकदा ओघात संगणकीय खेळांतील नगरांचे उदाहरण दिले होते. महाविद्यालयात एवढी बातमी वर्षभर पुरते.

“मग ऑनलाइनच का खेळत नाहीस?” मी विचारले.

“माईक चालू केला की मुलगी आहे हे कळतं. मग खेळ बाजूलाच राहतो.” ती थोडी थांबली आणि म्हणाली, “लोक असायला हवेत, सर. फक्त त्यांनी माझ्याकडे वळू नये.”

मी तिला यादी देण्याचे कबूल केले. दहा मिनिटांचे काम होते. प्रत्यक्षात दोन महिने लागले. कारण गेली अठरा-एकोणीस वर्षे मी स्वतः हीच यादी तयार करत आलो आहे, आणि ती का तयार करतो आहे हे मात्र स्वतःला कधी नीट विचारलेले नाही.

ज्या खेळांविषयी हे बोलणे चालले आहे, ते वाचकांपैकी सर्वांच्याच परिचयाचे असतील असे नाही. खेळणारा एक पात्र धारण करतो, एका विस्तीर्ण कल्पित प्रदेशात उतरतो, आणि त्याच वेळी जगभरातले हजारो लोक आपापली पात्रे घेऊन त्याच प्रदेशात वावरत असतात. एमएमओआरपीजी असे त्यांचे जिभेला अडखळवणारे नाव आहे. त्यांचे मूळ शोधत गेले तर आपण १९७८ सालच्या इंग्लंडात, एसेक्स विद्यापीठात पोचतो. तिथे रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा खेळ रचला. त्यात चित्र एकही नव्हते. सगळे जग वाक्यांचे बनलेले होते. साहित्याच्या माणसाने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. पुढे १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’, १९९९ साली ‘एव्हरक्वेस्ट’ आणि २००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आले, वाक्यांची चित्रे झाली, आणि खेळणाऱ्यांची संख्या लाखांवर गेली.

माझी या जगाशी ओळख झाली ती ‘रूनस्केप’मुळे. इंग्लंडातल्या गॉवर बंधूंनी २००१ साली सुरू केलेला हा खेळ ब्राउझरच्या खिडकीतच चालत असे, आणि त्याचा बराचसा भाग फुकट होता. २००६ साली मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. विद्यापीठाबाहेरच्या सायबर कॅफेत संगणकावर काहीही भरायला मालकाची सक्त मनाई होती. पैसे भरून खेळायच्या खेळांना क्रेडिट कार्ड लागे, आणि ते आमच्यापैकी कोणाच्या वडिलांकडेही नव्हते. तेव्हा निवड अशी काही नव्हतीच. संध्याकाळी ग्रंथालय बंद झाले की तासाचे पंधरा रुपये मोजून मी त्या जगात जाई.

तिथे मी काय करत असे, हे सांगायला आजही संकोच वाटतो. राक्षस मारावेत, खजिने लुटावेत, यासाठी लोक असे खेळ खेळतात असा समज आहे. मी मासे पकडत असे. ‘बार्बेरियन व्हिलेज’ नावाच्या वस्तीशेजारी नदीचा एक काठ आहे. पिसे बांधलेला गळ घेऊन तिथे उभे राहायचे, ट्राउट आणि सामन मिळवायचे, लाकडे पेटवून ते भाजायचे. पिशवीत एकूण २८ वस्तू मावत. कौशल्य कमी असेल तर मासा करपून जाई. पिशवी भरली की भाजायचे, रिकामी झाली की पुन्हा गळ टाकायचा. त्या काठावर एका वेळी आठ-दहा माणसे तरी हेच करत उभी असत. कुणी काही बोलले की त्याच्या डोक्यावर पिवळी अक्षरे उमटत आणि विरून जात. बहुतेक वेळ कुणी काही बोलत नसे.

गावात देवळापुढे पार असतो. त्यावर बसलेली म्हातारी माणसे एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. तरी एखादा दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या घराकडे डोकावून येतो. त्या नदीकाठाचे माझ्या लेखी तेच स्वरूप होते.

तिथेच एका व्यक्तीची ओळख झाली. तिने घेतलेल्या नावाच्या शेवटी ४७ हा आकडा होता, म्हणून मी मनात तिला ‘सत्तेचाळीस’ म्हणत असे. ती कॅनडात राहत होती. आमच्याकडे रात्रीचे आठ वाजत तेव्हा तिच्याकडे सकाळ असे. रात्रपाळी करून घरी आल्यावर झोपण्यापूर्वी तासभर मासे पकडायचे, हा तिचा नेम. ती पुरुष होती की स्त्री, हे मला कधी कळले नाही. इंग्रजीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांत फरक होत नाही, त्यामुळे विचारण्याची वेळच आली नाही. मराठीत तिच्याविषयी लिहायला बसलो आणि पहिल्याच क्रियापदाशी अडलो. म्हणून ‘व्यक्ती’ या शब्दाचा आसरा घेतला आहे. तिचे स्त्रीलिंग केवळ व्याकरणाचे आहे.

सत्तेचाळीसने मला बऱ्याच गोष्टी शिकवल्या. मासे करपू नयेत म्हणून कोणते मासे आधी भाजावेत, पिसे स्वस्त कुठे मिळतात, आणि नदीकाठाची शेकोटी विझत आली की दुसरे लाकूड हाताशी कसे ठेवावे. त्या खेळात शेकोटी थोडाच वेळ जळे, मग तिथे राख उरे, आणि काही वेळाने राखही नाहीशी होई. आमच्यात एक अलिखित वाटणी झाली होती. मी मासे पकडायचे, तिने शेकोटी राखायची.

एप्रिलमध्ये परीक्षा आली. त्या संध्याकाळी माझ्या संगणकाची वेळ संपत आली होती आणि मागे दुसरा मुलगा उभा होता. घाईघाईत मी इंग्रजीत तीन अक्षरे टाइप केली, ज्यांचा अर्थ होतो, ‘लगेच येतो.’ सत्तेचाळीसने उत्तर दिले, की शेकोटी पेटती ठेवते. मी उठलो.

त्यानंतर मी गेलो नाही. त्याला काही मोठे कारण घडले नाही. परीक्षा झाली, मग सेटची तयारी, मग तासिका तत्त्वावरची नोकरी, आणि ज्या गावी ती मिळाली तिथे दिवसाचे कित्येक तास भारनियमन. पुढे इंटरनेट आले तेव्हा खात्याचा पासवर्ड आठवेना. निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, असे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. त्या तीन इंग्रजी अक्षरांत नकळत तोच संस्कार उतरला होता. पण ‘येतो’ हा शब्द ऐकणाऱ्याकडे काहीतरी ठेवून जातो, हे मात्र मला कुणी शिकवले नव्हते.

नोकरी स्थिरावल्यावर पुन्हा खेळावेसे वाटू लागले, पण ऑनलाइन खेळांकडे पाय वळेना. स्वतःला मी व्यावहारिक कारणे सांगत असे. त्या खेळांत गट असतात. मोठ्या मोहिमेला ठरलेल्या वेळी हजर राहावे लागते. घरात लहान मूल असताना आणि विजेचा भरवसा नसताना चाळीस अनोळखी लोकांना शब्द देणे शहाणपणाचे नव्हे. कारणे खरी होती. तरीही हवे होते ते तेच. चौकातील वर्दळ, दुकानांभोवतीची गर्दी, कुठेतरी चाललेली इतरांची लगबग. तेव्हा मी शोध सुरू केला तो या विद्यार्थिनीच्याच प्रश्नाचा.

पहिले उत्तर जुन्या बाजारातून घेतलेल्या प्लेस्टेशन २ वर सापडले. ‘फायनल फँटसी १२’ हा जपानी खेळ २००६ सालचा. त्याच मालिकेचा अकरावा भाग २००२ साली ऑनलाइन खेळ म्हणून निघाला होता, आणि बाराव्यावर त्याची छाया स्पष्ट दिसते. शत्रू मोकळ्या माळावर फिरताना दिसतात, त्यांच्याशी तिथल्या तिथेच लढाई होते, आणि राबानास्त्र नगरीच्या बाजारात माणसांची खरोखर दाटी असते. पण मला गुंतवले ते त्यातल्या ‘गँबिट’ नावाच्या व्यवस्थेने. बरोबरच्या सोबत्यांनी कधी काय करावे, याचे नियम आपण आधीच लिहून ठेवायचे. सोबत्याचे बळ अमुक टक्क्यांखाली गेले तर त्याच्यावर उपचार कर. नायक ज्याच्यावर चालून जाईल त्याच्यावर तूही चालून जा. नियमांचा क्रम लावला की सोबती आपापले वागू लागतात, आणि आपण नुसते पाहत राहतो. मी लिहिलेली माणसे माझ्या मदतीला धावून येत होती. कधीही चुकत नव्हती. महिनाभराने त्यांचा कंटाळा आला, आणि तो याच कारणाने आला.

त्याहून विलक्षण प्रयोग ‘डॉट हॅक’ या चार भागांच्या मालिकेत (२००२-०३) भेटला. हा खेळ एकट्याने खेळायचा, पण त्याचा नायक स्वतःच ‘द वर्ल्ड’ नावाच्या कल्पित ऑनलाइन खेळाचा खेळाडू आहे. आपल्यापुढे आधी संगणकाचा पडदा येतो. आलेल्या ईमेल वाचायच्या आणि मग त्या आतल्या खेळात लॉग इन व्हायचे. तिथल्या नगरात इतर ‘खेळाडू’ धावपळ करत असतात, बोलतात, वस्तूंची अदलाबदल करतात. अर्थात ते सगळे यंत्राने रंगवलेले. कथेच्या आरंभीच नायकाचा मित्र त्या खेळात एका आघाताला बळी पडतो आणि बाहेरच्या जगात बेशुद्ध होतो. खेळातली माणसे म्हणजे पलीकडे खुर्चीवर बसलेली कुणीतरी हाडामांसाची माणसे आहेत, ही जाणीव त्या कथेच्या मुळाशी आहे. आणि ती आपल्याला करून देतो तो असा खेळ, ज्यात पलीकडे कुणीच बसलेले नाही.

मराठी वाचकाला यात एकपात्री प्रयोगाची आठवण व्हावी. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने ५२ व्यक्तिरेखा उभ्या करीत. रंगमंचावर माणूस एक, आणि तरी वऱ्हाडातली गर्दी प्रेक्षकाला दिसत असे. तिथे फसवणूक नव्हती, कारण प्रेक्षकाने ती संमतीने पत्करलेली होती. आपल्या डोळ्यांनी तो निम्मे काम करत होता. हे खेळही एक प्रकारे यंत्राचे एकपात्री प्रयोग आहेत. भेद इतकाच, की नाट्यगृहात हसताना शेजारच्या खुर्चीवरचाही हसतो. इथे सादर करणारा एक आणि पाहणाराही एकच.

‘किंग्डम्स ऑफ अमालुर’ (२०१२) या अमेरिकन खेळाची कथा पडद्यावर जितकी घडते, तितकीच पडद्याबाहेर. बेसबॉलपटू कर्ट शिलिंग याने काढलेल्या कंपनीने कादंबरीकार आर. ए. साल्वातोर यांच्याकडून या जगाचा दहा हजार वर्षांचा इतिहास रचून घेतला. याच विश्वात पुढे हजारोंनी खेळायचा मोठा ऑनलाइन खेळ यायचा होता. ऱ्होड आयलंड राज्याने कंपनीच्या ७.५ कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली होती. एकट्याने खेळायचा खेळ निघाला, आणि त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. मोठा खेळ आलाच नाही. त्यामुळे अमालुरची विस्तीर्ण गावे, त्यांतले संघ आणि कामे वाटणारी माणसे पाहताना, कार्यालयाला मांडव घातला पण पाहुणे पोचलेच नाहीत, असे काहीतरी वाटत राहते. ग्रंथ छापला न जाता नुसती प्रस्तावना हाती यावी, तसा तो खेळ आहे. मला तो आवडतो.

‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स’ (२०१०) मात्र या यादीत वर ठेवावा लागेल. दोन महाकाय देहांवर वसलेले त्याचे जग भव्य आहे, पण माझे लक्ष वेधले ते छोट्या गोष्टीने. वस्तीतल्या नाव असलेल्या माणसांना आपापल्या वेळा आहेत. कुणी सकाळीच भेटतो, कुणी रात्री. आणि त्यांचे एकमेकांशी असलेले संबंध दाखवणारा एक आलेख आपल्यापुढे हळूहळू भरत जातो. या माणसांची नाती माझ्याशी नाहीत, आपसांत आहेत. मी त्यात कधीमधी हातभार लावणारा तिऱ्हाईत. वसती खरी वाटते ती यामुळे. कादंबरीविषयी आपण वर्गात जे सांगतो, की दुय्यम पात्रांना नायकावाचून स्वतःचे आयुष्य असले पाहिजे, तेच इथे खेळाच्या रचनेत उतरले आहे.

‘ड्रॅगन्स डॉग्मा’त (२०१२) निराळीच सोय आहे. आपण घडवलेला एक सेवक इतर खेळाडूंच्या जगात कामाला जातो, आणि आपण धर्मशाळेत विसावलो की तिकडच्या वाटा शिकून, कधी भेटवस्तू घेऊन परततो. ज्याच्याकडे तो राबला त्याची आपली गाठ पडत नाही. मुलगी सासरहून फराळाचा डबा घेऊन यावी आणि व्याही कधी दिसू नयेत, असा हा संबंध.

एव्हाना माझ्या ध्यानात येऊ लागले, की विद्यार्थिनीची मागणी वाटते तितकी चमत्कारिक नाही. २००६ साली, म्हणजे मी नदीकाठी उभा होतो त्याच वर्षी, निकोला दुशेनो, निक यी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘एकत्र, पण एकटे?’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. लाखोंच्या त्या जगात लोक बराच काळ एकेकटेच खेळतात, असे त्यांना आढळले. भोवतालची माणसे त्यांना सहकारी म्हणून लागत नाहीत. ती लागतात प्रेक्षक म्हणून, पाहण्याजोगे दृश्य म्हणून, आणि आसपास कुणीतरी असल्याची जाणीव म्हणून. ‘रूनस्केप’च्या जुन्या स्वरूपात तर २०१४ साली ‘आयर्नमॅन’ नावाचा खेळण्याचा प्रकार अधिकृतपणेच आला. त्यात खेळाडू इतरांशी देवघेव न करण्याचे व्रत घेतो. स्वतः मिळवावे तेच वापरावे. त्यासाठी एकट्याचा खेळ घेता आला असता. पण लोकांना व्रत पाळायचे आहे ते भर बाजारात. एकट्याला गर्दी हवी असते आणि गर्दीतल्याला एकांत, आणि दोघेही एकाच जागी येऊन उभे राहतात. त्या जागेला आपल्याकडे शेजार हा चांगला शब्द आहे.

इथवर लिहून यादी देऊन टाकायला हरकत नव्हती. पण त्यात एक नाव राहिले होते, आणि तेच माझ्या गळ्यात अडकले होते.

‘क्रॉसकोड’ हा खेळ जर्मनीतल्या रॅडिकल फिश गेम्स या लहानशा चमूने २०१८ साली पूर्ण केला. त्याची नायिका लिया ‘क्रॉसवर्ल्ड्स’ नावाच्या ऑनलाइन खेळात वावरते. तिच्या वाणीच्या यंत्रणेत बिघाड आहे. तिला बोलता येत नाही. कथा पुढे सरकते तसे मोजके शब्द एकेक करून तिच्या पदरात पडतात. भोवती इतर ‘खेळाडू’ रानातून, गावांतून धावत असतात. त्यांतली एमिली नावाची उत्साही मुलगी लियाची मैत्रीण होते. दोघी बरोबर हिंडतात, शर्यती लावतात. आणि मग एमिली म्हणते, की आता मला जायला हवे. तिला घर आहे, बाहेरचे आयुष्य आहे. ती लॉग आउट होते, आणि होती ती जागा रिकामी पडते.

लियाला लॉग आउट होता येत नाही. याचे कारण कथेत उलगडते आणि ते मी सांगणार नाही. पण ती तिथेच राहते. मैत्रिणी येतात आणि जातात, आणि ती परत कधी येतील याची वाट पाहत उभी असते. विचारायचे म्हटले तरी शब्द चार-दोनच.

पहिल्यांदा एमिली गेली, तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवला. इतकी वर्षे मी निघून जाणाराच होतो. निघून जाणाऱ्याच्या बाजूने ती संध्याकाळ कित्येकदा आठवली होती, आणि दर वेळी परीक्षा, मागे उभा असलेला मुलगा, संपलेली वेळ असे सगळे साक्षीदार माझ्या बाजूने उभे राहत. काठावर शेकोटीत लाकूड घालत उभ्या असलेल्या माणसाच्या जागी मी कधी उभाच राहिलो नव्हतो. सत्तेचाळीसने त्या सकाळी किती वेळ वाट पाहिली असेल? कदाचित पाच मिनिटे. रात्रपाळी झालेली होती. झोपही आली असेल. दुसऱ्या दिवशी? आठवड्याने? मला ठाऊक नाही, आणि आता ते कळण्याचा मार्ग नाही. एका यंत्राने रंगवलेल्या मैत्रिणीने मला हा प्रश्न विचारायला लावला. खऱ्या माणसाला तो विचारण्याची संधी मी दिली नव्हती.

२०२५ साली ‘एरेनशोर’ हा खेळ पुरा होण्याआधीच खेळणाऱ्यांच्या हाती आला. जुन्या ऑनलाइन खेळांचे हुबेहूब सोंग घ्यायचे, आणि माणसे मात्र सगळी यंत्राची, हाच त्याचा उघड संकल्प आहे. ती यंत्रमाणसे गप्पांच्या चौकटीत बडबडतात, आपापली शिकार करून तरबेज होतात, हाक मारली तर सोबत येतात. सोंग चांगले वठले आहे. दोन आठवडे मी त्यात रमलो. मग कामामुळे तीन आठवडे फिरकलो नाही. पुन्हा गेलो तेव्हा सगळे जागच्या जागी होते. मधल्या काळात माझ्यावाचून कुणाचे काहीही अडले नव्हते, कारण मधला काळ तिथे झालाच नव्हता.

या खेळांत गर्दी आणता येते, वेळापत्रके आणता येतात, निरोप घेणाऱ्या मैत्रिणीही आणता येतात. आपली उणीव कुणाला भासणे तेवढे आणता येत नाही. ते आणता येत नाही म्हणूनच ते खेळ मला सोयीचे वाटत आले. ज्या जगात कुणी वाट पाहत नाही, तिथे कुणाला टाकून जाण्याची भीतीही नाही. वाचनाची गोष्ट वेगळी नाही. कादंबरी मिटून ठेवली म्हणून त्यातल्या माणसांचे काही बिघडत नाही, आणि त्यामुळे आपण त्यांच्यावर निर्धास्तपणे जीव लावतो. मी साहित्याकडे वळलो त्यात या निर्धास्तपणाचा वाटा किती, हे मला अलीकडे विचारावेसे वाटते. म्हणून पुस्तके वा हे खेळ हलके ठरत नाहीत. माझ्या विद्यार्थिनीसारख्या, माणसांनी पोळलेल्या माणसाला असा निरुपद्रवी शेजार ही मोठी गरज आहे, आणि तिला ‘जा, खऱ्या लोकांत मिसळ’ असे सांगणारा मी कोण? तिने माणसांकडे पाठ फिरवली ती त्यांच्या वागण्यामुळे. माझ्याशी तर कुणी वाईट वागलेले नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत मी ‘रूनस्केप’चे नवे खाते उघडले. खेळाची २००७ सालची जुनी आवृत्ती २०१३ पासून पुन्हा चालू करण्यात आली आहे, त्यामुळे ती नदी जवळजवळ होती तशीच आहे. काठावर तिघे-चौघे मासे पकडत उभे होते. मित्रांच्या यादीत मी ते ४७ वर संपणारे नाव टाकले. नावापुढे लाल अक्षरांत ‘ऑफलाइन’ असे आले. ते खाते त्याच व्यक्तीचे आहे की मधल्या काळात ते नाव दुसऱ्या कुणी घेतले, हे सांगता येणार नाही. मी गळ टाकला. पिशवी भरली. शेकोटी पेटवून मासे भाजले. नवे खाते असल्याने बरेचसे करपले. शेजारचा कुणी माझ्याच शेकोटीवर आपले मासे भाजू लागला. तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. शेकोटी मंदावली तशी मी आणखी एक लाकूड पेटवले, आणि त्याचे मासे संपेपर्यंत थांबलो. उठताना तीन अक्षरे बोटांवर आली होती. ती टाकून मी सरळ ‘जातो’ अशा अर्थाचे लिहिले. आईने ऐकले असते तर रागावली असती.

यादी मी विद्यार्थिनीला दिली. तिच्याकडे असलेल्या जुन्या लॅपटॉपवर ‘क्रॉसकोड’ चालण्याजोगा होता, म्हणून तो पहिला लिहिला आणि कारण काही सांगितले नाही. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला ती व्हरांड्यात भेटली. खेळ आवडला का, असे मी विचारले.

“आवडला, सर,” ती म्हणाली. “फक्त एमिली गेली की मीपण बंद करते. लियाला तिथं एकटी ठेवून खेळत राहायला कसंतरी होतं.”

तिला वर्गाला उशीर होत होता. जाताना ती म्हणाली, “येते, सर.”